निझामाला हवं असलेलं बंदर

हैदराबादचा मराठी माणूस गोव्याला गेला की कळंगुटला जातो, मंगेशीला अभिषेक करतो आणि काजू घेऊन परत येतो. वास्को त्याने पाहिलेलं असतं ते स्टेशनापुरतं, गाडी तिथे संपते म्हणून. त्या स्टेशनच्या पुढे जमिनीचा एक चिंचोळा पट्टा समुद्रात घुसलेला आहे. तो मुरगावचा, इंग्रजीत त्याला मार्मागोवा म्हणायचे. १९४७-४८ साली आपल्या शहराच्या राज्यकर्त्यांचे डोळे त्या पट्ट्यावर लागले होते.

हैदराबादला समुद्र नाही, ही निझामशाहीची जुनी खंत. कुतुबशाहीत मछलीपट्टण हे गोवळकोंड्याचं बंदर होतं. १७५९ मध्ये इंग्रजांनी ते फ्रेंचांकडून घेतलं आणि पुढे आंध्राचा सगळा किनाराच निझामाच्या हातून गेला. १८०२ च्या व्यापारी तहात मछलीपट्टण बंदर वापरायची मुभा मिळाली खरी, पण बंदर इंग्रजांकडेच राहिलं. दुसऱ्याच्या अंगणातून ये-जा करायची परवानगी, एवढाच त्याचा अर्थ.

मुरगावचं आधुनिक बंदर इंग्रज-पोर्तुगीज यांच्या १८७८ च्या तहातून आलं. त्याच तहामुळे कॅसलरॉकपर्यंत रेल्वे झाली आणि पुढे ती ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सदर्न मराठा रेल्वेला जोडली गेली. नकाशा घेऊन बसा. होस्पेट सोडून गाडी तुंगभद्रा ओलांडते, की कोप्पळचा मुलूख लागतो. तो तेव्हा निझामाच्या राज्यात होता. म्हणजे मुरगावच्या धक्क्यावर उतरलेला माल रेल्वेने थेट हैदराबाद संस्थानात येऊ शकत होता. फक्त मधला लोंढा-धारवाडचा टापू मुंबई इलाख्यातला. सगळी मेख तिथे होती.

इंग्रज जाणार हे ठरल्यावर निझामाच्या वतीने पोर्तुगालशी या बंदराबद्दल बोलणी सुरू झाली. स्वतंत्र राहायचं तर स्वतःचं बंदर हवं, हा हिशोब साधा होता. बोलणी काही तडीस गेली नाहीत. बंदर मिळालं असतं तरी मधला मुलूख भारताचाच होता, तेव्हा त्याचा उपयोग किती झाला असता हा प्रश्नच आहे. पण १९४८ मध्ये नाकेबंदी बसली तेव्हा बंदर नसल्याची किंमत कळली. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमानांनी शस्त्रं आणायचा. विमानात मावून मावणार किती? १३ सप्टेंबरला पोलीस अ‍ॅक्शन सुरू झाली आणि पाच दिवसांत आटोपली.

आमची आजी त्या वर्षी माहेरी, उस्मानाबादकडे होती. रझाकारांच्या भीतीने गावातली बरीच घरं बार्शीकडे निघाली होती. महिनाभर पेटी बांधून दाराशी ठेवलेली असायची, असं ती सांगायची. जहाजांनी शस्त्रं उतरली असती तर ती पेटी किती महिने तशीच राहिली असती, हा विचार मुरगावला उभं राहिल्यावर मनात येतोच.

आता तिथे बघायचं काय? सड्यावर, म्हणजे बंदरावरच्या पठारावर जा. तिथल्या जपानी बागेतून नांगरलेली जहाजं दिसतात. याच बंदरात ९ मार्च १९४३ ला कलकत्त्याहून आलेल्या हौशी, वय उलटलेल्या ब्रिटिश स्वयंसेवकांनी ‘एहरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर हल्ला केला. ऑक्टोबर १९४३ मध्ये अमेरिका आणि जपान यांनी अडकून पडलेले एकमेकांचे नागरिक इथेच जहाजांवरून बदलून घेतले. युद्धात पोर्तुगाल तटस्थ, म्हणून हे बंदर निवडलं.

जुन्या मुरगाव किल्ल्याचे थोडेच अवशेष उरलेत, पण आपल्यासाठी ते मोलाचे. १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी गोव्याला असं जेरीस आणलं, की पोर्तुगिजांनी राजधानीच ओल्ड गोव्याहून मुरगावला हलवायचं ठरवलं. बांधकामही सुरू झालं होतं. पुढे तो बेत बारगळला. मुलांना हे किल्ल्यावरच सांगावं, पुस्तकातून ते डोक्यात शिरत नाही.

ज्यांचं कुलदैवत मंगेश किंवा शांतादुर्गा आहे त्यांनी कुठ्ठाळी आणि केळोशीलाही जाऊन यावं. मंगेशाचं मूळ स्थान कुठ्ठाळीचं, म्हणजे कुशस्थळीचं. शांतादुर्गेचं केळोशीचं. सोळाव्या शतकात देवळं मोडायला लागल्यावर भक्तांनी देव नदीपलीकडे नेले. वाटेत सांकवाळला जळालेल्या चर्चची नुसती दर्शनी भिंत उभी आहे, तीही बघा. मुलं सोबत असतील तर बोगमाळो रस्त्यावरचं नौदलाचं विमान संग्रहालय चुकवू नका. पोहायला मात्र बोगमाळोपेक्षा होलांतचा किनारा मला शांत वाटला.

आणि श्रावणात जमलं तर वास्कोचा दामोदर सप्ताह. प्लेगच्या साथीत वास्कोच्या लोकांनी जांबावलीच्या दामोदराचा नारळ आणला, तेव्हापासूनची ही प्रथा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरुवात होते, चोवीस तास भजन अखंड चालतं आणि मग आदल्या वर्षीचा नारळ समुद्रात सोडतात. सिकंदराबादहून वास्कोला थेट गाडी आहे. पावसाळ्यात दूधसागर गाडीतूनच दिसतो, त्यामुळे ती तिकिटं लवकर संपतात.