पोतदारीपासून बँकेच्या खिडकीपर्यंत : बडोद्यातील पैशाचा व्यवसाय आणि मराठी चाकरमानी

ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथात बँकव्यवसायाचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्या वर्गणीदारांच्या जुन्या नोंदवह्या चाळल्या, तर नावापुढील व्यवसायाच्या रकान्यात 'सरकारी नोकरी' हे शब्द हळूहळू विरळ होत जातात आणि त्यांची जागा 'बँक' हा दोन अक्षरी शब्द घेतो, असे दिसून येईल. या बदलामागे एका समाजाच्या उपजीविकेचा इतिहास आहे. बडोद्याच्या मराठी मध्यमवर्गाविषयी संस्थानकालीन वैभवाच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले. तो पोट कसे भरत होता, याविषयी मात्र फारच थोडे लिहिले गेले आहे.

गायकवाडी राज्यात पैशाचा व्यवसाय मुख्यतः गुजराती सावकारांच्या हाती होता. हरिभक्ती, सामळ बेचर, मंगळ पारेख ही घराणी राज्याची पोतदार. पोतदाराने सरकारला आगाऊ रक्कम द्यावयाची, महसुलाच्या वसुलीतून ती व्याजासह परत घ्यावयाची आणि मध्यंतरी दरबाराचा सारा खर्च चालवावयाचा, अशी ही पद्धत होती. १८०२ च्या सुमारास आनंदराव गायकवाडांच्या कारकीर्दीत अरब शिबंदीचा थकलेला पगार चुकता करून तिला निरोप देण्याची वेळ आली, तेव्हा सावकारांची कर्जे आणि त्यांना इंग्रजांनी दिलेली बहांदरी, म्हणजे हमी, यांवरच राज्य तरले. पुढे कित्येक वर्षे या बहांदरीचा काटा दरबाराला बोचत राहिला. गोपाळराव मैराळांसारखी एखादी दक्षिणी पेढीही नावारूपाला आली होती, पण ती अपवादात्मकच.

या पेढ्यांमध्ये नोकरीचा मार्ग कसा होता, हे पाहण्यासारखे आहे. मुलगा दहाबारा वर्षांचा झाला की त्याला पेढीवर बसवीत. प्रथम निरोप पोहोचवणे, मग रोजमेळ लिहिणे, मग खातेवही, त्यानंतर हुंडीची परीक्षा आणि बऱ्याच वर्षांनी मुनिमाची गादी, असा तो क्रम. त्यासाठी परीक्षा नव्हती, पदवी नव्हती. भरवसा हीच पात्रता होती, आणि भरवसा नात्यागोत्यातूनच येत असल्यामुळे या दारातून परक्याला प्रवेश नव्हता. मराठी माणूस तेव्हा समोरच्या इमारतीत, फडणिशीच्या दफ्तरात, मोडी लिहीत बसला होता. पैसा कोणाचा किती आला आणि कोणाकडे किती गेला, हे तो लिहून ठेवी. मात्र तो पैसा वाढविण्याचे काम त्याचे नव्हते. पुढील दीडशे वर्षांच्या कथेचे बीज या विभागणीत आहे, असे मला वाटते.

१८७५ नंतर दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभाराची घडी बसविली. त्यात सरकारी खजिन्याची पद्धत आली आणि पोतदारीचे महत्त्व संपुष्टात आले. सावकारी मात्र संपली नाही. पगारावर जगणारा कारकून मुलीच्या लग्नाला किंवा आजारपणाला पैसे उभे करण्यासाठी सावकाराच्याच दारी जात राहिला.

अशा परिस्थितीत ५ फेब्रुवारी १८८९ रोजी विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांनी बडोद्यात 'अन्योन्य सहायकारी मंडळी' स्थापन केली. भारतातील सहकारी पतपेढ्यांचा इतिहास येथून सुरू होतो. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ चा आहे. मद्रास इलाख्यात फ्रेडरिक निकल्सनचा अहवाल १८९५ चा. म्हणजे कायदा होण्यापूर्वी पंधरा वर्षे आणि सरकारने अहवाल मागविण्याआधी काही वर्षे, बडोद्यातील सामान्य मिळकतीच्या मंडळींनी आपापल्या पगारातून थोडी थोडी रक्कम एकत्र करून गरजवंत सभासदाला माफक व्याजाने देण्याचा उपक्रम सुरू केला होता. जर्मनीत रायफायझन व शुल्झे यांनी हेच काम आधी केले होते हे खरे, पण त्यामुळे भाऊसाहेबांच्या कर्तृत्वाला उणेपणा येत नाही. मंडळीचे नावही किती अर्थवाही आहे! 'बँक' हा शब्द त्यात नाही, 'पेढी' हाही नाही. परस्परांना साहाय्य एवढेच त्यात आहे. मराठी माणसाला पैशाचा व्यवहार करता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. त्याला तो करता येतो. मात्र नफ्याच्या हेतूने तो करण्याचा त्याला संकोच वाटतो.

बँक ऑफ बडोदाची स्थापना २० जुलै १९०८ रोजी झाली, ती निराळ्या प्रेरणेने. महाराज सयाजीराव तिसरे यांना राज्यात उद्योगधंदे हवे होते. कलाभवन १८९० मध्येच सुरू झाले होते. आता त्यातून तयार होणाऱ्या कारागिरांच्या कारखान्यांना भांडवल पुरविणारी संस्था हवी होती. भरणा झालेले भांडवल दहा लाख रुपये. संस्थापकांची नावे पाहिली तर महाराजांची दूरदृष्टी ध्यानात येते : त्यांचे बंधू संपतराव गायकवाड, मुंबईचे विठ्ठलदास ठाकरसी, लल्लुभाई सामळदास, तुळशीदास किलाचंद, आणि राल्फ व्हिटनॅक नावाचा अमेरिकन सल्लागार. राजघराणे, गिरणीमालक, व्यापारी आणि परदेशी तज्ज्ञ, सारे एकत्र आले होते. मराठी नाव एकच, तेही राजघराण्यातील. पहिली शाखा १९१० मध्ये अहमदाबादेस निघाली. लगेच १९१३ मध्ये स्वदेशी बँकांवर मोठे संकट कोसळले. लाहोरची पीपल्स बँक गेली, मुंबईची इंडियन स्पीशी बँक गेली, इतरही अनेक गेल्या. बडोद्याची बँक टिकली. संस्थानाचा आधार हे त्याचे एक कारण, आणि मुंबईच्या सट्टेबाजीपासून दूर राहणे हे दुसरे, असे मानण्यास जागा आहे.

या नव्या संस्थेत मराठी तरुण शिरला तो इंग्रजीच्या बळावर. त्या काळी पुष्कळ बँकांत रोकड विभाग खजांचीच्या ताब्यात असे. तोच आपली माणसे आणी व त्यांच्या प्रामाणिकपणाची हमी देई. म्हणजे पेढीची जुनी पद्धत बँकेच्या इमारतीतही एका कोपऱ्यात जिवंत राहिली. ज्याच्यामागे व्यापाऱ्याची हमी नाही त्या ब्राह्मण-प्रभू मॅट्रिक्युलेटला साहजिकच रोकडीपेक्षा पत्रव्यवहार आणि खातेवही हीच क्षेत्रे मोकळी होती. तेथून मुख्य कारकून, मग हिशेबनीस, आणि भाग्य असल्यास शाखेचा 'एजंट' — शाखाधिकाऱ्याला तेव्हा हाच शब्द होता. १९२८ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्सची स्थापना झाली आणि प्रथमच या व्यवसायात परीक्षेने वर जाण्याची शिडी उभी राहिली. मला ही घटना बँकांच्या स्थापनेइतकीच महत्त्वाची वाटते. ज्या समाजाजवळ भांडवल नव्हते, पण पाठांतर आणि अक्षर होते, त्याला यामुळे मार्ग सापडला.

याच सुमारास इतरत्र मराठी माणसे स्वतःच्या बँका काढू लागली होती. सांगली बँक १९१६ ची, बेळगाव बँक १९३० ची, पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र १९३५ ची. या शेवटच्या बँकेच्या संस्थापकांत फर्ग्युसन महाविद्यालयातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक वामन गोविंद काळे अग्रभागी होते. अध्यापकाने बँक काढावी, हे आपल्याकडेच घडू शकते! सर्वोच्च पायरीवर मराठी नाव आले ते १९४३ मध्ये. कुलाबा जिल्ह्यात महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पण तेही बँकेच्या शिडीने चढले नव्हते. त्यांची वाट आय. सी. एस.ची, म्हणजे पुन्हा परीक्षेचीच होती.

१ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. येथील मराठी समाजाच्या दृष्टीने ही तारीख राजकीय इतिहासापुरती मर्यादित नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या दारावर दृष्टी ठेवून मुले शिकत होती, ते दारच नाहीसे झाले. १९६० मध्ये गुजरात राज्य झाल्यावर राज्यसेवेत गुजरातीचा वापर वाढणे क्रमप्राप्त होते, आणि त्यात गैर काहीही नाही. परंतु घरात मराठी व शाळेत मराठी असलेल्या मुलाने जावे कोठे? त्याच्यापुढे रेल्वे होती, विद्यापीठ होते, पुढे कारखाने आले, आणि बँक होती. बँकेची परीक्षा इंग्रजीत होती. शिवाय शास्त्री निवाड्याने १९५३ मध्ये आणि देसाई निवाड्याने १९६२ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या वेतनाला व सेवाशर्तींना निश्चित स्वरूप दिले होते. जुन्या सरकारी नोकरीतली सुरक्षितता, आणि पगार तिच्याहून बरा! कर्मचारी संघटनांनी हे मिळविले, याचा विसर त्याचा लाभ घेणाऱ्यांना पुढे पडला, ही गोष्ट वेगळी.

१९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. बँक ऑफ बडोदाला एकसष्ट वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा एकच दिवस उरला होता. देशातील व्यापारी बँकांच्या शाखा त्या वेळी ८,२६२ होत्या. १९९० पर्यंत त्या साठ हजारांच्या घरात गेल्या. या दोन दशकांत आपल्या किती घरांत पहिला स्थिर पगार आला, हे वाचकांनी आपापल्या घरी आठवून पाहावे. मुली मोठ्या संख्येने खिडकीमागे बसू लागल्या त्या याच काळात. लग्नाच्या बाजारात 'मुलगा बँकेत आहे' या वाक्याला जे वजन आले, ते पूर्वी 'मुलगा हुजुरात आहे' याला होते. अधिकारी व्हावयाचे तर बदली आणि खेड्यातील शाखा स्वीकारावी लागे, म्हणून कित्येकांनी बढती नाकारली आणि कारकुनीतच निवृत्त झाले. त्यांना कोणी महत्त्वाकांक्षाहीन म्हणो. संध्याकाळी साडेपाचला मोकळा होणारा हाच माणूस नाटक मंडळीचा चिटणीस, गणेशोत्सवाचा हिशेबनीस आणि आपल्या ग्रंथालयाचा कार्यवाह झाला, हे विसरून चालणार नाही. आपले जमाखर्च लेखापरीक्षेत एका पैशाने कधी चुकले नाहीत, याचे श्रेय त्याला आहे.

गुंतवणुकीच्या क्षेत्राकडे मात्र आपण उशिरा वळलो. युनिट ट्रस्ट १९६४ मध्ये स्थापन झाला. त्याची 'युनिट ६४' योजना मध्यमवर्गाने शेअर म्हणून स्वीकारली नाही, तर सरकारी ठेव म्हणून स्वीकारली. शेअर बाजार म्हणजे सट्टा, आणि सट्टा म्हणजे जुगार, हे समीकरण आपल्या घरांत पक्के होते. जुलै २००१ मध्ये त्या योजनेची खरेदी-विक्री थांबविण्यात आली, तेव्हा निवृत्त माणसांना प्रथमच कळले की आपण इतकी वर्षे बाजारातच उभे होतो. त्याच वर्षी अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक शेअर दलालांना दिलेल्या कर्जांपायी बुडाली आणि तिच्यात ठेवी असलेल्या गुजरातेतील अनेक नागरी सहकारी बँका हादरल्या. अन्योन्यवर २००७ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि पुढे ती बंद पडली. १८८९ पासून चाललेली ही संस्था गेल्याचे दुःख या शहराने पुरेसे केले नाही. वर्तमानपत्रांतून ठेवीदारांच्या रांगांविषयी छापून आले, भाऊसाहेब कवठेकरांविषयी कोणी लिहिले नाही. कर्ज देताना माणूस ओळखावा लागतो, ही पेढीची आणि मंडळीचीही विद्या होती. संस्था मोठी झाली की ओळखीच्या जागी ओळखपाळख येते, आणि या दोन शब्दांत फार अंतर आहे.

आजच्या तरुणापुढील वाटा निराळ्या आहेत. २०००-२००१ मधील स्वेच्छानिवृत्तीने सरकारी बँकांतील सुमारे एक लाख माणसे एकदम कमी झाली, आणि कारकुनी भरतीचा तो जुना ओघ पुन्हा कधी आला नाही. जी भरती होते ती २०११ पासून आय. बी. पी. एस.च्या सामाईक परीक्षेतून. १ एप्रिल २०१९ रोजी विजया व देना या बँका बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. म्युच्युअल फंडाचे काम करावयाचे तर सेबीने स्थापन केलेल्या संस्थेची प्रमाणपत्र परीक्षा द्यावी लागते. त्या संस्थेचे आवार पाताळगंगेला, म्हणजे देशमुखांच्याच जिल्ह्यात आहे. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत परदेशी चलनातील व्यवहार करणाऱ्या कचेऱ्या निघाल्या असून आपल्या मुलांपैकी काहीजण तेथे आठवडाभर राहून शनिवारी घरी येतात. ती हिशेब लिहीत नाहीत. दुसऱ्यांचा पैसा कोठे गुंतवावा हे ठरविण्याचे काम त्यांच्याकडे आहे, जे मैराळांच्या पेढीनंतर या गावातील मराठी माणसाच्या वाट्याला क्वचितच आले होते.

आपल्या वाचनकक्षात सकाळी जी मुले बसतात त्यांतील निम्म्याहून अधिक या परीक्षांचीच तयारी करीत असतात. ती कपाटांकडे फारशी फिरकत नाहीत, अशी तक्रार ज्येष्ठ सभासद करतात. ज्या टेबलांवर ती बसतात ती टेबले बँकेतील सभासदांनीच वर्गणी काढून घेतलेली आहेत.