मुकदेनची रात्र, जिनिव्हाच्या तारखा

१८ सप्टेंबर १९३१, संध्याकाळ
मेजर जनरल तातेकावा टोकियोहून मांचुरियातल्या मुकदेनला पोचतात. तिथल्या जपानी क्वांतुंग फौजेने आगळीक करू नये, असा वरिष्ठांचा निरोप त्यांच्यापाशी आहे. याच फौजेतले कर्नल इतागाकी आणि त्यांच्या साथीदारांना याची कुणकुण आधीच लागली आहे. पाहुण्यांची रवानगी थेट जपानी चहागृहात होते. निरोप त्यांच्यापाशीच राहतो.

रात्री १०.२०
शहराच्या उत्तरेला, जपानच्या ताब्यातल्या दक्षिण मांचुरिया रेल्वेवर स्फोट होतो. सुरुंग जपानी लेफ्टनंट कावामोतोंनी लावलेला. रुळाचा उडालेला भाग मीटरभरही नाही; थोड्याच वेळात चांगचुनची गाडी त्यावरून सुखरूप पुढे जाते. तरी आळ चिनी सैनिकांवर.

रात्री ११च्या सुमारास
जवळच बेईदायिंगची चिनी छावणी आहे. आत सुमारे सात हजार सैनिक. चाल करून येणारे जपानी काहीशेच. मुकदेनमध्ये गुपचूप आणून बसवलेल्या अवजड तोफा धडाडू लागतात. जपानी वकिलातीतले मोरिशिमा धावत येऊन वाटाघाटींचा आग्रह धरतात, तेव्हा मेजर हानाया त्यांच्यावर तलवार उपसतात.

मांचुरियाचे चिनी सेनापती झांग श्वेलियांग त्या रात्री बीजिंगमध्ये मेई लानफांगचा ऑपेरा पाहत होते. प्रतिकार करू नका, असा त्यांचा हुकूम. या हुकमासाठी त्यांना आयुष्यभर भित्रा म्हटलं गेलं. मला तो अन्याय वाटतो. लढलो तर जपानला आयतं निमित्त मिळेल. न लढता राष्ट्रसंघाकडे दाद मागू, हा चीनचा हिशेब होता. चारच दिवसांपूर्वी चीन राष्ट्रसंघाच्या कौन्सिलवर निवडून आला होता. कायद्यावर विश्वास ठेवणाऱ्याने आणखी काय करायचं होतं?

१९ सप्टेंबर, सकाळ
छावणी आणि तटबंदीचं शहर, दोन्ही जपानी फौजेच्या हाती. एका रात्रीत.

त्याच दिवशी जिनिव्हात राष्ट्रसंघाच्या कौन्सिलची बैठक भरलेलीच होती. जपानचे प्रतिनिधी योशिझावा यांनी प्रकरण कानावर घातलं आणि सविस्तर माहिती यायची आहे, असं सांगितलं.

२१ सप्टेंबर
चीनने राष्ट्रसंघाच्या करारातल्या कलम ११ खाली तक्रार केली. या कलमाखालचा ठराव एकमतानेच व्हायला हवा, आणि त्या एकमतात खुद्द जपानचंही मत धरलेलं! राष्ट्रसंघाला स्वतःचा एक सैनिक नव्हता. अमेरिका सभासदच नव्हती. ब्रिटनने त्याच दिवशी सुवर्णमानक सोडलं. लंडनला आपल्या पौंडाची चिंता. आणि त्याच दिवशी कोरियातली जपानी फौज सम्राटाच्या परवानगीची वाट न पाहता यालू नदी ओलांडून मांचुरियात शिरली.

त्यानंतर नुसत्या तारखा पडत गेल्या. ३० सप्टेंबरच्या ठरावाने सैन्य मागे घ्यायला सांगितलं, पण कधीपर्यंत ते सांगितलं नाही. ८ ऑक्टोबरला जपानी विमानांनी जिंझौवर बाँब टाकले. २४ ऑक्टोबरला अखेर १६ नोव्हेंबरची मुदत मतदानाला आली: तेरा विरुद्ध एक. तो एक जपान, म्हणून ठराव पडला.

१० डिसेंबरला चौकशी आयोग नेमायचं ठरलं, तेही जपानच्याच सूचनेवरून. अध्यक्ष लॉर्ड लिटन. बंगालचे माजी गव्हर्नर आणि १९२५ मध्ये काही महिने हंगामी व्हाइसरॉय म्हणून आपल्याकडे परिचित. आयोग अमेरिकेमार्गे, बोटीने निघाला. २९ फेब्रुवारी १९३२ रोजी टोकियोत उतरला. दुसऱ्याच दिवशी मांचुकुओ या नव्या राज्याची घोषणा झाली. ज्या प्रदेशाची चौकशी करायची, त्याचं नावच चौकशीआधी बदललं होतं.

लिटन यांचा अहवाल प्रामाणिक होता. १८ सप्टेंबरच्या रात्रीची जपानी कारवाई स्वसंरक्षणाची मानता येणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पण तो प्रसिद्ध होईपर्यंत १९३२ चा ऑक्टोबर उजाडला.

२४ फेब्रुवारी १९३३
जिनिव्हात लिटन अहवालावर आधारलेल्या ठरावावर राष्ट्रसंघाच्या सर्वसाधारण सभेचं मतदान: ४२ विरुद्ध १. जपानचे प्रतिनिधी मात्सुओका आपलं शिष्टमंडळ घेऊन सभागृहाबाहेर पडले. मंजूर झालेल्या ठरावात आर्थिक निर्बंध नव्हते, लष्करी कारवाई नव्हती. जपानी फौजा त्याच आठवड्यात जेहोल प्रांतात घुसत होत्या.