मसणवाटेचा हक्क

माणूस मेला की सगळे सारखे, असं म्हणतात. आमचा अनुभव तसा नाही. आमच्या गावी मसणवाटाही दोन. गावाची ओढ्याकाठी, पत्र्याच्या शेडची. आपली माळावर, उघडी. पावसाळ्यात वडीलधाऱ्यांनी ओल्या लाकडांवर रॉकेल ओतून चिता पेटवलेली आम्ही लहानपणी पाहिली. विचारायची कोणाची छाती नव्हती. म्हणून वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत हा विषय घेतला आहे.

मुंबईत १८८८ च्या महानगरपालिका कायद्याने स्मशानं व दफनभूमींची नोंद आणि नव्या जागेला परवानगी या गोष्टी कायद्याच्या कक्षेत आणल्या. पण प्रेताच्या वाटेत जात आडवी आली तर काय, याचं उत्तर त्यात नव्हतं.

ते उत्तर बाबासाहेबांच्या संविधानाने दिलं. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. त्याच्या अंमलासाठी १९५५ चा कायदा झाला. १९७६ साली त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळालं. त्याच्या कलम ४ मध्ये विहीर, पाणवठा, रस्ता यांच्या बरोबरीने स्मशानभूमी आणि दफनभूमीही लिहिली आहे. अस्पृश्य म्हणून अडवील त्याला शिक्षा.

पुढच्याच वर्षी, ७ डिसेंबर १९५६ ला, दादर चौपाटीवर बाबासाहेबांना अग्नी दिला गेला. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी बौद्ध पद्धतीने विधी केला आणि रडत्या जनसागराने तिथेच धम्मदीक्षा घेतली. ज्यांना मसणवाटेत वेगळं ठेवलं, त्यांच्या बापाच्या चितेची ती जागा आज चैत्यभूमी आहे.

तरी लढा संपलेला नाही. २०१९ साली तामिळनाडूत वेल्लोर जिल्ह्यात वाट अडवल्यामुळे दलित बांधवांना प्रेत दोराने पुलावरून खाली सोडावं लागलं. ॲट्रॉसिटी कायदा १९८९ चा. २०१५ च्या दुरुस्तीने त्यात स्मशानभूमीच्या समान वापरात आडकाठी करणं हा स्पष्ट गुन्हा ठरला. बौद्धांना १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात घेतलं, म्हणून हे संरक्षण त्यातल्या आपल्या लोकांनाही आहे. वाट अडवली तर नुसतं हळहळू नका, लेखी तक्रार करा.

हक्काबरोबर कर्तव्यही आलं. १९६९ च्या कायद्याने मृत्यूची नोंद सक्तीची आहे, ती २१ दिवसांत करावी. आमच्या खात्यातला एक जोडीदार रजेवर गावी गेला आणि तिथेच वारला. दहन झालं, पण ग्रामपंचायतीत नोंद कोणीच केली नाही. पुढे त्याच्या बायकोला फंडाच्या पैशासाठी दीड वर्ष खेटे घालावे लागले. पोरं लहान, हातात कागद नाही. त्या माउलीचा चेहरा आम्ही विसरलो नाही.

तेव्हा बंधूभगिनींनो, घरात दुःख झालं तर त्रिशरण-पंचशील होईलच, पण दाखल्याचं काम वस्तीतल्या दोन तरुणांनी अंगावर घ्यावं. मेलेल्याचा मान राखायचा आणि मागे राहिलेल्यांचे हाल टाळायचे, हाही धम्मच आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!