शकुंतलेचं इंजिन, आयबीएमची जुनी मशीनं आणि काकूचा लॅपटॉप

आजचा एपिसोड मूर्तिजापूरहून रेकॉर्ड केलाय. पुण्यातला माइक इथे नाही, त्यामुळे मागे पंख्याची घरघर ऐकू येईल आणि मधूनच मेन लाइनवरून जाणारी मालगाडीही. सांभाळून घ्या. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लेखी रूप. अडखळलेलं थोडं गाळलंय, बाकी जसं बोललो तसंच.

दिवाळीला घरी आलो तेव्हा काकूनं फराळाच्या ताटाआधी लॅपटॉप समोर ठेवला. २०१३ चा. पॉवरचा दिवा लागतो, पंखा फिरतो, स्क्रीन मात्र काळी. चार वेळा बंद-चालू केलं की एखाद्या वेळी सुरू होतो, तारीख भलतीच जुनी दाखवतो आणि वीस मिनिटांत स्वतःहून बंद पडतो. एका दुकानात दाखवला होता. त्यांनी उघडून न बघताच सांगितलं, मदरबोर्ड गेला, नवीन घ्या. यंदा सोयाबीनचं जे झालं त्यानंतर घरात "नवीन घ्या" हा शब्द कुणी उच्चारत नाही.

काकू महिला बचत गटाचा हिशेब ठेवते. आधी रजिस्टर होतं, लॉकडाऊननंतर सगळं एक्सेलमध्ये. कुणी किती भरले, कुणाला किती कर्ज, किती हप्ते राहिले. पुढच्या महिन्यात बँकेत कागद द्यायचे होते. बॅकअप? नाही. मी आयटीत काम करतो आणि माझ्या घरात बॅकअप नाही, यावर जे काय म्हणायचं ते मनात म्हणा.

"त्याच्यात आमच्या गटाचा हिशोब हाय बाप्पा," काकू म्हणाली. "थो गेला तं मी बायायले काय सांगू?"

तर या लॅपटॉपच्या निमित्तानं आज आपण म्हातारी मशीन दुरुस्त करण्याचा इतिहास बघू. सुरुवात गावातूनच करू, कारण आमच्या गावाएवढा म्हाताऱ्या मशीनचा अनुभव फार कमी गावांना असेल.

मूर्तिजापूर जंक्शनवरून दोन नॅरोगेज फाटे निघायचे. एक यवतमाळला, ११३ किलोमीटर. दुसरा अचलपूरला, ७६ किलोमीटर. हीच शकुंतला. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदराकडे नेण्यासाठी ही लाइन टाकली. कापूस पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांत. गंमत म्हणजे गाडी ओढणारं झेडडी इंजिनही मँचेस्टरलाच १९२१ मध्ये बनलेलं. १९२३ पासून ते इथे धावलं आणि १५ एप्रिल १९९४ ला डिझेल इंजिन आल्यावर थांबलं. सत्तरहून जास्त वर्षं. माझा कंपनीचा लॅपटॉप तिसऱ्या वर्षी बदलून मिळतो.

ते कसं टिकलं? एक कारण असं की वाफेच्या इंजिनात लपलेलं काही नसतं. बिघाड दिसतो, ऐकू येतो, हाताला लागतो. रेल्वेत चाकं हातोडीनं ठोकून तपासायचे. चाक धड असेल तर घंटेसारखा नाद, तडा असेल तर बद्द आवाज. गंजलेला दांडा, झिजलेलं बेअरिंग, गळणारी नळी, हे सगळं भट्टी, लेथ आणि हुशार फिटर असेल तर घडवता येतं. मूळ कारखाना सात समुद्रांपलीकडे असला तरी अडत नाही.

दुसरं कारण रोजची देखभाल. बॉयलरमध्ये क्षार साचतो. आमचा हा भाग खारपाणपट्ट्यातला, क्षार म्हणजे काय हे इथे पातेल्याच्या बुडाशी दिसतं. त्या थरातून उष्णता नीट जात नाही, कोळसा जास्त लागतो आणि पत्रा तापून कमजोर होतो. म्हणून बॉयलर ठरावीक दिवसांनी थंड करून धुवायचा. हा मुद्दा लक्षात ठेवा, लॅपटॉपमध्ये परत येणार आहे.

आता कॉम्प्युटरकडे. १९४६ चा एनिॲक घ्या, अमेरिकेतला. त्यात साधारण १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब. ट्यूब म्हणजे एक प्रकारचा बल्बच, आणि बल्ब कधी उडतो? बटण दाबताना. थंड फिलामेंट एकदम तापतं तेव्हा. एनिॲकच्या इंजिनिअरांच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी मशीन शक्यतो बंदच न करण्याची पद्धत पाडली. शिवाय ट्यूब त्यांच्या क्षमतेपेक्षा कमी व्होल्टेजवर चालवल्या. तरी दोन दिवसांत एखादी ट्यूब जायचीच, पण कुठली गेली ते चटकन शोधता येईल अशी मशीनची रचना होती.

आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं टिफ्रॅक बांधला. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालचा गट, १९६० मध्ये पूर्ण मशीन कामाला लागलं, १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नामकरण केलं. सुमारे २,७०० ट्यूब. ज्यांनी बांधला तेच दुरुस्त करणारे, त्यामुळे प्रश्न नव्हता. पण जगात तोवर ट्रान्झिस्टर आले होते, आणि पाचेक वर्षांत टिफ्रॅक निवृत्त झाला. बिघडून गेला असं नाही, जमाना पुढे गेला.

खरी गोष्ट पुढे आहे. आणि ही आपल्या पिढीला कुणी सांगितलेली नाही, निदान इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला तरी नाही.

साठच्या दशकात भारतातल्या कंपन्या आणि सरकारी खाती आयबीएमची १४०१ मशीनं वापरायची. विकत नाही, भाड्यानं. यातली बरीच परदेशात वापरून झालेली असायची. तिकडच्या ग्राहकानं नवीन मॉडेल घेतलं की जुनं इकडे यायचं, मुंबईतल्या कारखान्यात साफसूफ करून पुन्हा भाड्यावर. आज आपण ज्याला रिफर्बिश्ड म्हणतो तेच. १४०१ हे १९५९ चं मॉडेल, आयबीएमनं १९७१ मध्ये त्याची विक्री बंद केली, आणि आपल्याकडे ते त्यानंतरही पगारपत्रकं छापत होतं. संसदेच्या लोकलेखा समितीनंही यावर ताशेरे ओढले होते.

मग १९७३ चा फेरा कायदा आला. परदेशी कंपन्यांनी भारतातल्या उद्योगातला आपला वाटा ४० टक्क्यांवर आणावा, असा आग्रह. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना हा आग्रह कडक झाला. आयबीएमनं नकार दिला आणि १९७८ मध्ये गाशा गुंडाळला. राजकारणावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला इंजिनिअर म्हणून वेगळाच प्रश्न पडतो. उद्या सकाळी १४०१ बंद पडलं तर फोन कुणाला करायचा?

त्यासाठी सरकारनं आधीच, डिसेंबर १९७५ मध्ये, एक कंपनी काढून ठेवली होती. नावातच काम: कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन. तुमच्या वडिलांना 'सीएमसी' म्हणून माहीत असेल. आयबीएम गेल्यावर देशभरातल्या ८०० हून जास्त ठिकाणच्या मशीनची देखभाल या कंपनीकडे आली. पुढे दुसऱ्या परदेशी कंपन्यांची मशीनंही. ज्यांनी मशीन बनवलं ते देश सोडून गेलेत, मॉडेल जगात बंद झालंय, आणि तुम्हाला ते चालू ठेवायचंय, शिवाय एकाच ब्रँडचं नाही, मिळेल त्याचं.

१४०१ मध्ये हे शक्य होतं कारण ते छोट्या-छोट्या सर्किट कार्डांचं बनलेलं होतं. पोस्टकार्डाहूनही लहान, खाचेत बसणारी कार्डं. बिघाड कुठल्या भागात आहे ते आकृत्या बघून, सिग्नल मोजून शोधायचं, संशयित कार्ड काढून चांगलं घालायचं. कार्डावरचा गेलेला ट्रान्झिस्टर नंतर टेबलावर बसून बदलायचा. थोडक्यात, बिघाडाचा परीघ अर्धा करत जायचं. आम्ही कोड डीबग करताना हेच करतो.

आणि या दुरुस्तीवाल्यांचं पुढे काय झालं बघा. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात रेल्वेच्या संगणकीय आरक्षणाची पहिली यंत्रणा दिल्लीत उभी राहिली, ती याच सीएमसीनं बनवली. २००१ मध्ये कंपनी टाटांकडे गेली आणि २०१५ मध्ये टीसीएसमध्ये विलीन झाली. तुमच्यापैकी जे टीसीएसमध्ये आहेत, तुमच्या कंपनीच्या पोटात ही एक दुरुस्तीची कंपनी आहे.

असो. लॅपटॉपकडे येऊ, कारण तिथे ही साधी पद्धत अवघड होत गेली. १ जुलै २००६ पासून युरोपियन युनियननं इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिशावर बंधन आणलं. आरोग्यासाठी योग्यच निर्णय. पण शिसं-कथिलाचं जुनं सोल्डर १८३ अंशांना वितळायचं, नवं जवळपास २१७ ला, आणि वारंवार तापण्या-थंड होण्याच्या ताणाखाली ते वेगळं वागतं. हा सगळा बदल चालू असतानाच जुलै २००८ मध्ये एनव्हिडियानं जाहीर केलं की लॅपटॉपमधल्या त्यांच्या काही ग्राफिक्स चिप नेहमीपेक्षा जास्त बिघडताहेत, आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. दोष चिपच्या आवरणातल्या मटेरिअलमध्ये होता, आतल्या सूक्ष्म जोडांना तडे जायचे.

बाहेरून मात्र वाटायचं की चिप आणि बोर्ड यांच्यातलं सोल्डर सुटलंय. म्हणून जगभरच्या दुकानांत हीट गन आली. चिप तापवायची, स्क्रीन परत येते, गिऱ्हाईक खूश, पैसे घ्या. महिना-दोन महिन्यांत पुन्हा काळी. तापवल्यानं आतला तडा तात्पुरता जुळायचा एवढंच. चुकीच्या निदानाचं औषधही थोडे दिवस लागू पडतं, त्यामुळे ते चुकीचं होतं हे कळायला वर्षं गेली.

काकूच्या लॅपटॉपवर मी कोणती चूक केली ते सांगतो. आधी जे बरोबर केलं ते. टचपॅड वर उचलला गेला होता, म्हणजे खालची बॅटरी फुगलेली. ती काढून अंगणात, पेटणाऱ्या कशापासूनही लांब ठेवली. चार्जर मल्टिमीटरवर १९ व्होल्ट, ठीक. बाहेरचा मॉनिटर लावला तर तोही काळा, म्हणजे स्क्रीनचा दोष नाही. रॅमच्या दोन पट्ट्या. दोन्ही काढून पिवळे पाय खोडरबरनं घासले, एकेक लावून बघितली. एकीवर सुरू होतो, दुसरीवर नाही, खाच बदलली तरी नाही. पट्टी गेलेली. मदरबोर्ड जिवंत! तारखेचं कारण बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी, तीन व्होल्टची, किराणा दुकानातही मिळते.

वीस मिनिटांत बंद पडण्याचं कारण मागची पट्टी उघडताच दिसलं. पंखा आणि जाळीच्या मध्ये बोटभर कापूस. वऱ्हाडातला लॅपटॉप, दुसरं काय निघणार. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. बॉयलरमधला क्षार तो हाच. साफ करून नवी लावली. आधी ९५ अंशांवर जाणारं तापमान ६८ वर थांबलं.

इथवर मी स्वतःवर खूश होतो. पण ही सगळी तपासणी करताना हार्ड डिस्क आतच होती. प्रत्येक चाचणीला बंद-चालू, प्रत्येक वेळी डिस्क फिरतेय, आणि तिचा टिक-टिक आवाज मी पंख्याचा समजत होतो. २००७ मध्ये गुगलनं आपल्या डेटा सेंटरमधल्या डिस्कचा मोठा अभ्यास छापला. त्यात होतं की डिस्कमध्ये पहिली स्कॅन एरर दिसल्यावर पुढच्या ६० दिवसांत ती जाण्याची शक्यता एरर नसलेल्या डिस्कच्या ३९ पट असते. आणि बंद पडलेल्यांपैकी ३६ टक्के डिस्कच्या स्वयंतपासणीत आधी कसलीच खूण नव्हती. हे मला माहीत होतं. मी वाचलेलं होतं. डेटा वाचवायचा असेल तर डिस्क सगळ्यात आधी बाहेर काढायची, हे मी ऑफिसात दुसऱ्याला सांगितलंही असतं. घरी काकू समोर उभी, आणि मला आधी स्क्रीन उजळून दाखवायची होती.

डिस्क काढली, माझ्या मशीनला लावली, वाचता न येणारे सेक्टर शेकड्यात. मग डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्रॅम. हा आधी जे सहज वाचता येतं ते उचलतो, अवघड भाग शेवटाला ठेवतो, आणि कुठवर आलो त्याची नोंद एका फाइलमध्ये करत जातो. त्या नोंदीचं मोल रात्री सव्वादहाला लाइट गेली तेव्हा कळलं. डिस्कचा डबा भिंतीतल्या विजेवर होता, त्यामुळे काम तिथेच तुटलं. पाऊण तासानं लाइट आली, आणि जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं. काकू मधूनच येऊन बघायची, काही न विचारता जायची.

पहाटेपर्यंत जवळजवळ सगळं निघालं. नव्या एसएसडीवर टाकलं, लॅपटॉप सुरू केला, एक्सेल उघडलं. २०२० आहे, २०२२ आहे, चालू वर्ष आहे. मार्च ते जून २०२१ ची फाइल उघडली नाही. तीन वेगळ्या साधनांनी प्रयत्न केला. नाही. ती आधीच गेली होती की माझ्या बंद-चालूत गेली, हे आता कळणार नाही. मी काकूला दोन्ही शक्यता सांगितल्या.

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बायायजवळ पासबुकं आहेत नं."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी बाराजणी आमच्या ओसरीवर आल्या. प्रत्येकीच्या हातात पिशवी, पिशवीत गटाचं छोटं पासबुक, काकूच्या सहीचं. एकेक जण त्या चार महिन्यांच्या रकमा वाचत होती, काकू एकेका बोटानं टाइप करत होती. एकीचं पासबुक पावसात भिजून अक्षरं फुटलेली. तिचे मे महिन्याचे दोनशे बाकीच्यांना आठवत होते, कारण त्याच आठवड्यात तिच्या घरी बारसं होतं. लॅपटॉप एका रॅमवर, बॅटरीशिवाय, भिंतीतल्या बोर्डाला बांधलेला. दुपारी दोनला पुन्हा लाइट गेली, स्क्रीन बंद झाली, आणि काकूनं शेजारी उघडं ठेवलेल्या वहीत पुढची रक्कम पेननं लिहायला घेतली.