सेगावचा नकार आणि मनाचा तोल



"डोकं शांत ठेवा", "जुनं विसरा", "एवढा राग बरा नाही" असे सल्ले आपल्या समाजातील तरुणांना नेहमी मिळतात. ज्याला आपल्या रागाची अडचण होते तोच बहुधा हे सल्ले देत असतो. त्यामुळे आपल्यातील अनेकांना 'मानसिक संतुलन' हा शब्दच संशयास्पद वाटू लागला आहे. संतुलन म्हणजे गप्प बसणे, जुळवून घेणे, असा समज झाला आहे. हा समज खोटा आहे. त्याचा पुरावा शोधायला दूर जायला नको, तो आपल्या वर्धा जिल्ह्याच्या इतिहासातच आहे.

१९३६ सालचा एप्रिल-मे आठवा. बाबासाहेबांवर त्या काळात किती बाजूंनी ताण होता? २७ मे १९३५ रोजी माता रमाई गेल्या. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली आणि देशभर गदारोळ उठला. कोणी आमिषे दाखवत होते, कोणी धमक्या देत होते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले होते, पण भाषण वाचून मंडळ बिचकले आणि त्यातील मजकूर गाळा म्हणू लागले. २७ एप्रिल १९३६ च्या पत्रात बाबासाहेबांनी कळवले की एक स्वल्पविरामही बदलणार नाही. अधिवेशन बारगळले.

त्यानंतर चारच दिवसांनी, १ मे १९३६ रोजी, बाबासाहेब वर्ध्याजवळच्या सेगावात गांधीजींना भेटले. सोबत उद्योगपती वालचंद हिराचंद होते. आज ज्याला आपण सेवाग्राम म्हणतो ते हेच सेगाव, हे नाव १९४० मध्ये बदलले. धनंजय कीर यांच्या चरित्रात या वर्धा भेटीचा प्रसंग आहे. वालचंद आणि जमनालाल बजाज यांनी बाबासाहेबांना विचारले की, तुम्ही गांधीजींच्या बाजूला का येत नाही? आलात तर अस्पृश्यांच्या उन्नतीसाठी अमाप साधने मिळतील. बाबासाहेबांनी सांगितले की आमचे मतभेद मूलभूत आहेत. त्यावर नेहरूंचे उदाहरण पुढे केले गेले: मतभेद असूनही ते गांधीजींसोबत आहेतच ना? बाबासाहेबांनी तेही मानले नाही. तात्पुरत्या यशासाठी सदसद्विवेकबुद्धी गहाण टाकणारा मी नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

आता कोणी म्हणेल, हा अहंकार झाला. समाज उपाशी, शाळा नाहीत, वसतिगृहे नाहीत. पैसा घेतला असता तर काय बिघडले असते? प्रश्न योग्य आहे, तो टाळू नये. जमनालालजींनी १९२८ मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले, हेही खरे आहे आणि त्या काळात ती लहान गोष्ट नव्हती. पण बाबासाहेब हवेत बोलत नव्हते, त्यांच्याजवळ अनुभव होता. १९३२ मध्ये पुणे करारानंतर अस्पृश्यता निवारणासाठी संघ निघाला, तेव्हा त्यांनी १४ नोव्हेंबर १९३२ रोजी ठक्करबाप्पांना सविस्तर पत्र लिहिले. गावागावांत विहिरी, शाळा, सार्वजनिक जागा यांवरील नागरी हक्कांसाठी मोहीम काढा, असा त्यात आग्रह होता. त्या पत्राची पोचही आली नाही, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. ज्या संस्थेत पीडितांच्या मताला जागा नाही, तिचा पैसा हक्क देत नाही, उपकाराचे ओझे देतो. आणि उपकाराखाली दबलेले मन सरळ उभे राहू शकत नाही.

म्हणून सेगावचा नकार हा रागाच्या भरातला नकार नव्हता. बाबासाहेब भेटीला गेले, प्रश्न ऐकून घेतले, कारण दिले आणि परत येऊन कामाला लागले. १५ मे रोजी लाहोरच्या न झालेल्या भाषणाला प्रस्तावना लिहून त्यांनी ते स्वतः प्रसिद्ध केले. 'जातिप्रथेचे विध्वंसन' म्हणून आपण वाचतो ते हेच भाषण. पहिल्या आवृत्तीच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. ३१ मे रोजी मुंबईच्या महार परिषदेत त्यांनी 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण केले आणि मन स्वतंत्र नसेल तर माणूस जिवंत असूनही गुलाम असतो, हे समाजाला समजावले. ऑगस्टमध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. मन आणि पोट हे दोन प्रश्न त्यांनी कधी वेगळे केले नाहीत.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची आणि नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. मध्ये एकवीस वर्षे गेली. निर्णय पक्का, पण घाई नाही. अभ्यास चालू, विचारणा चालू. यालाच मनाचा तोल म्हणतात.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मनाला सर्वांच्या केंद्रस्थानी ठेवले आहे. दहा पारमितांपैकी एक उपेक्षा. मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष, पण पाली 'उपेक्खा' वेगळी आहे. ती बेफिकिरी नाही, हे बाबासाहेब स्पष्ट सांगतात. आवड-नावड बाजूला ठेवून, फळाने विचलित न होता प्रयत्न करत राहणे म्हणजे उपेक्खा. यातील 'प्रयत्न करत राहणे' हा भाग वगळला की संतुलनाची शिकवण गुलामीची शिकवण होते. आणि 'विचलित न होता' हा भाग वगळला की चळवळ दोन दिवसांचा आरडाओरडा होते.

हे आज सांगण्याचे कारण आहे. वर्धा हा विदर्भातील शेतकरी आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांपैकी एक, ज्यांच्यासाठी २००६ मध्ये पंतप्रधान पॅकेज आले. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादला रोहित वेमुला गेला, २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. अशा वेळी "मन कमजोर होते" असे म्हणणारे लोक व्यवस्थेला सोडवून घेतात. कर्ज, अपमान, एकटेपणा बाहेरून लादले जातात; दोष मात्र मनाला लावला जातो. पण आपणही एक चूक करतो. व्यवस्थेवर बोलताना शेजारी बसलेला कार्यकर्ता आतून खचतो आहे, हे आपल्याला दिसत नाही. त्याला झोप नाही, तो बैठकीला येईनासा झाला, फोन उचलत नाही, आणि आपण त्याला 'गद्दार' ठरवून मोकळे होतो.

मोबाईलवर दिवसभर विरोधकांना उत्तरे देऊन रात्री रिकामे होणारे तरुण आपल्याकडे कमी नाहीत. विरोधकाने ठरवावे आणि आपण चिडावे, ही सुद्धा मनाची गुलामीच आहे. उत्तर कधी द्यायचे, कोणाला द्यायचे, कोणाला द्यायचेच नाही, हे आपण ठरवले पाहिजे.

म्हणून तीन कामे करूया. प्रत्येक बुद्धविहारात महिन्यातून एकदा फक्त ऐकून घेण्याची बैठक ठेवा, तिथे भाषण नको. खचलेल्या माणसाला उपदेश न करता सोबत घेऊन दवाखान्यात जा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार शासकीय सेवेतून उपचार मिळणे हा हक्क आहे, ती भीक नाही. 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक विहाराच्या फलकावर लिहा. आणि ज्या कारणाने माणूस खचला, त्या कारणाविरुद्धची लढाई सोडू नका.

बाबासाहेब सेगावातून रिकाम्या हाताने परतले, पण ताठ मानेने परतले. त्या महिन्यात त्यांनी जे काम केले, त्यावर आपण आजही उभे आहोत.

जय भीम! नमो बुद्धाय!