रात्री नऊला किती?

मी टेलिफोनचा जॉइंटर. चौतीस वर्षं साताऱ्यात खड्ड्यांत बसून तारा जोडल्या. ब्रॉडबँडचा इतिहास लिहिणारे धोरणांपासून, कंपन्यांपासून सुरुवात करतात. मला तो तारेपासून सांगावासा वाटतो, कारण लोकांची आशा आणि लोकांचा संशय, दोन्ही मी तारेच्या टोकाला उभं राहून ऐकलेत.

मी कामाला लागलो तेव्हा जमिनीत जुनी केबल होती. वरून शिशाचं आवरण, आत कागद गुंडाळलेली तांब्याची तार. शिशाला बारीक चीर पडली की पावसाचं पाणी कागदात भिनायचं आणि अख्ख्या पेठेचे फोन एकदम मुके व्हायचे. अजिंक्यताऱ्यावर ढग टेकले की आमची बायकामुलं समजून जायची, आता आठ दिवस माणूस घरी दिसत नाही. पुढं जेलीची केबल आली. प्लॅस्टिकचं वेष्टन आणि मधल्या फटींत चिकट जेली, पाणी आत शिरू नये म्हणून. पण घरापर्यंत जायची ती जोडी तीच: दोन तारा, एक पेअर. ही पेअर माणसाच्या बोलण्यासाठी घातलेली होती. तिच्यावरून पुढं सिनेमे धावतील असं तेव्हा आमच्या कुणाच्या मनातही नव्हतं.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासमध्ये सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. वर्षाला २५० तास, वेग सेकंदाला ९.६ किलोबिट, आणि चित्रांसकट सगळं बघायचं तर खाजगी माणसाला १५,००० रुपये. विद्यार्थ्यांसाठी ५०० रुपयांचं खातं होतं, त्यात नुसती अक्षरं दिसायची. साताऱ्यात आम्ही हे पेपरात वाचलं. नोव्हेंबर १९९८ मध्ये खाजगी कंपन्यांना इंटरनेट पुरवण्याची मुभा मिळाली, आणि त्यानंतर गावातल्या पोवई नाक्याच्या आसपास सायबर कॅफे दिसू लागले. मोडेमवर ५६ किलोबिट असं छापलेलं असायचं. आमच्या तारेवर तीस-पस्तीस मिळाले तरी कॅफेवाला खूश. एक फोटो वरून खाली पट्टीपट्टीनं उतरायचा आणि पोरं श्वास रोखून बघत बसायची.

ऑक्टोबर २००४ मध्ये केंद्र सरकारचं ब्रॉडबँड धोरण आलं. त्यानं ब्रॉडबँडची व्याख्या केली, २५६ किलोबिट आणि कायम चालू. २०१० पर्यंत दोन कोटी जोडण्या द्यायच्या असं ठरलं. जानेवारी २००५ मध्ये सरकारी कंपन्यांनी त्याच तांब्याच्या जोडीवरून ही सेवा सुरू केली. बोलणं चार किलोहर्ट्झच्या आत राहतं आणि इंटरनेट त्याच्या बऱ्याच वरच्या लहरींवरून जातं. घरात एक छोटा स्प्लिटर लावला की फोनही चालू आणि नेटही चालू. ही युक्ती मला पहिल्यांदा समजली त्या दिवशी फार आनंद झाला होता. आपण पुरलेल्या तारेत एवढी ताकद शिल्लक होती!

साताऱ्यातच करंज्याच्या बाजूला एक निवृत्त गुरुजी राहायचे. मुलगा अमेरिकेत. त्यांचा अर्ज पहिल्या काही अर्जांत होता. मी मोडेम लावायला गेलो तर गुरुजींनी दोनच प्रश्न विचारले. "दादा, महिन्याला किती लागतील? आणि म्हणतात तेवढा वेग खरंच येईल का?" पुढच्या पंधरा वर्षांत ज्या ज्या घरात गेलो, तिथं हेच दोन प्रश्न भेटले.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर अवघड होतं, कारण भाडं महिन्याचं असलं तरी मोजमाप एमबीचं होतं. सुरुवातीच्या स्वस्त योजनांत महिन्याला ४०० एमबी मिळायचे, त्यापुढं प्रत्येक एमबीला पैसे. एमबी म्हणजे किती, हे कुणाला ठाऊक? गुरुजींनी वहीत गणित मांडलं. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे २५६ किलोबिट हे सेकंदाला ३२ किलोबाइट. या हिशेबानं ४०० एमबी साडेतीन तासांत संपतात. मग जानेवारी २००७ पासून त्याच भाड्यात २ मेगाबिटपर्यंत वेग जाहीर झाला. गावात आनंद झाला. गुरुजींनी पुन्हा वही उघडली आणि मला म्हणाले, "आता ४०० एमबी सत्तावीस मिनिटांत संपतील." वेग वाढला की खर्चही धावतो, हे कुठल्याही जाहिरातीच्या आधी त्या वहीनं मला शिकवलं. मध्यरात्री दोन ते सकाळी आठ मोफत असलेल्या योजना लोकांनी डोक्यावर घेतल्या त्या यामुळंच. पहाटे मी फॉल्ट काढायला निघायचो तेव्हा कितीतरी खिडक्यांत मोडेमचे हिरवे दिवे लुकलुकताना दिसायचे.

दुसरा प्रश्न माझ्या हातातला होता. एक्स्चेंजपासून गुरुजींच्या घरापर्यंत तारेचा वळसा चार किलोमीटरांचा, मधे अकरा जॉइंट. जितकं अंतर तितका सिग्नल क्षीण होतो. त्यांच्या मोडेमच्या पानावर ही घट ५५ डेसिबल दिसायची, आणि २ मेगाबिटच्या जागी एक-सव्वा मेगाबिट हाती यायचा. मी दोन जुने जॉइंट फोडले. आत तांबं हिरवं पडलं होतं. साफ करून नव्यानं जोडले, आणि वेग दीडच्या वर गेला. गुरुजींनी मला चहा दिला आणि वहीत तारीख घातली.

पण रोज रात्री नऊच्या सुमारास वेग निम्म्यावर यायचा. यात माझ्या जॉइंटचा काही दोष नव्हता. एक्स्चेंजच्या पुढची वाट सगळ्यांची सामाईक होती. दूरसंचार नियामक ट्रायनं २००९ मध्ये घरगुती ग्राहकांसाठी एकास पन्नासची मर्यादा सुचवली, म्हणजे एकाच्या वाटणीच्या रुंदीत फार तर पन्नास घरं. जेवणं उरकून पन्नासही घरं एकदम बसली की प्रत्येकाला थोडंथोडंच मिळणार. जाहिरातीतल्या 'पर्यंत' या शब्दात हे सगळं दडलेलं होतं, आणि ते ग्राहकाला उघडपणे सांगायला हवं होतं असं मला तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं. शंका घेणाऱ्या ग्राहकाला कटकट्या म्हणणारे सहकारी मी पाहिलेत. मला ते ग्राहक आवडायचे. त्यांच्यामुळं कितीतरी सडलेले जॉइंट मला सापडले.

दोन कोटींचं लक्ष्य हुकलं. २०१० अखेर देशात एक कोटी दहा लाखांच्या आसपास ब्रॉडबँड जोडण्या होत्या. व्याख्या २०१३ मध्ये ५१२ किलोबिटवर गेली, २०२३ मध्ये २ मेगाबिटवर. मधे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची मोबाइल सेवा आली, मोबाइलचा डेटा स्वस्त झाला, आणि माझ्या पेअर एकेक करून सुटू लागल्या. घरोघरच्या जोड्या जिथून फुटतात त्या डीपीच्या पेटीत हात घातला की मोकळ्या तारांचा झुपका हाताला लागायचा. वाईट वाटायचं. त्यातली प्रत्येक जोडी कुणाच्या घरी जात होती, हे मला पाठ होतं.

काचेची तार, म्हणजे फायबर, जोडायला मी उतारवयात शिकलो. केसाइतकी बारीक. यंत्र दोन टोकं समोरासमोर आणतं, ठिणगी पडते, काच वितळून एक होते. पाण्याचं भय नाही, गंजणं नाही, चार किलोमीटर म्हणजे तिला काहीच नाही.

निवृत्त झाल्यावर एकदा गुरुजींचा फोन आला. नव्वदीच्या घरातला थकलेला आवाज. त्यांच्याकडं फायबर घालायला एक पोरगा आला होता, मी नुसतं शेजारी बसावं एवढीच इच्छा. पोराचं काम सफाईदार होतं. पेटी लावली, मोबाइलवर वेग मोजून दाखवला आणि म्हणाला, "आजोबा, पूर्ण शंभर येतोय."

गुरुजींनी उशीखालची वही काढली, नवं पान उघडलं, तारीख घातली आणि चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं.

"आत्ता सकाळचे अकरा वाजलेत, बाळा. रात्री नऊला किती?"