झोप ज्याची त्याची

१८४५ साली भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. त्याच वर्षी ४ एप्रिलला बंगालमधल्या हुगळीला जेम्स एस्डेल हा स्कॉटिश सर्जन, शस्त्रक्रियेत कळवळणाऱ्या एका कैद्याच्या अंगावरून हात फिरवून त्याला गुंगी आणत होता. ईथर आणि क्लोरोफॉर्म अजून यायचे होते. पुढे हे हात फिरवायचं काम तो हाताखालच्या माणसांकडून तासन्‌तास करून घेई आणि मग मोठमोठ्या गाठी कापून काढी. हात फिरवणाऱ्याच्या अंगातून काहीतरी निघून रोग्याच्या अंगात शिरतं, अशी त्याची खात्री होती.

ही समजूत अठराव्या शतकातल्या मेस्मर या डॉक्टरची. ती खोडून काढणारा माणूस आपल्या शेजारचाच, गोव्याचा. आणि एस्डेलच्या त्या दिवसाच्या पंचवीस वर्षं आधीच तो मरून गेला होता.

जुझे कुस्तोदियु द फारिया यांचा जन्म १७५६ मध्ये बार्देशातल्या कांदोळीचा. आईवडील वेगळे झाले. आई जोगीण झाली, वडील पाद्री. १७७१ साली वडील मुलाला घेऊन लिस्बनला गेले. तिथली एक आख्यायिका गोव्यात अजून सांगतात. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभा राहिलेला तरुण फारिया घाबरून गप्प झाला, तेव्हा वडील कोकणीत पुटपुटले: ही सगळी भाजी, काप रे भाजी! आणि जीभ सुटली. खरं-खोटं देव जाणे, पण संमोहनातल्या सूचनेच्या इतिहासाला याहून चांगली नांदी मिळणार नाही.

पुढे पॅरिस. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत वडिलांसारखाच पाद्री झालेला हा फारिया १७९५ साली एका तुकडीचं नेतृत्व करत सरकारविरुद्ध रस्त्यावरही उतरला. १८१३ पासून त्यांनी झोपेचे जाहीर प्रयोग मांडले. ना हातवारे, ना लोहचुंबक. समोरच्याला खुर्चीत बसवायचं, डोळे मिटून मन एका जागी आणायला सांगायचं आणि मग ठणकावून म्हणायचं, ‘झोपा!’ काहींना झोप लागे, काहींना नाही. ज्यांना लागे त्यांना सुचवलेल्या गोष्टी खऱ्या वाटत.

मेस्मरच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’ची चौकशी १७८४ मध्येच फ्रेंच राजाच्या समितीने केली होती, त्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते. माणसातून माणसात शिरणारा असा कुठलाही द्रव नाही, हा सारा कल्पनेचा परिणाम, असा निकाल देऊन समितीने विषय मिटवला. फारियांची करामत अशी की त्यांनी नेमका तिथून विषय सुरू केला. कल्पनेने एवढं होत असेल तर तीच अभ्यासायला हवी ना? झोपेचं कारण झोपवणाऱ्यात नाही, झोपणाऱ्यात आहे, हे त्यांचं म्हणणं. मात्र रक्त पातळ असणाऱ्यांना ही झोप लवकर लागते, असंही ते मानत. तिथे ते आपल्या काळाचेच निघाले.

पॅरिसने त्यांची टर उडवली. १८१६ साली रंगभूमीवर या वेडाची थट्टा करणारं प्रहसन आलं. चर्चला हा सैतानी प्रकार वाटला. १८१९ मध्ये त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड निघाला आणि त्याच वर्षी ते गेले. अलेक्झांडर द्युमाच्या कादंबरीतल्या कैदी पाद्र्याला त्यांचं नाव मिळालं आणि खरा फारिया त्या काल्पनिक फारियामागे दडला. १८४०च्या दशकात इंग्लंडच्या ब्रेडने ‘हिप्नॉटिझम’ हे नाव रूढ केलं. नान्सी शहरातल्या बर्नहाइमने १८८४ साली सूचनेवर ग्रंथ लिहिला आणि सूचनेने संमोहन घडवण्याच्या पद्धतीचं श्रेय पुढे त्यानेच फारियांना दिलं. गोवा-सावंतवाडीच्या वनस्पतींची नोंद करणारे डॉ. दलगाद यांनी १९०६ मध्ये फारियांचं चरित्र लिहिलं.

पणजीला फारियांचा पुतळा १९४५ साली रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवला. शिल्प जोरकस आहे, शंकाच नाही. पण त्यात दोन्ही पंजे ताणून फारिया एका कोसळत्या बाईवर झुकलेत, जणू बोटांतूनच शक्ती पाझरते आहे. मेस्मरला हे शिल्प फार आवडलं असतं.